हानलेचा अंधार आणि त्याचे राखणदार

हानले हे लडाखच्या आग्नेय भागात, चांगथांगच्या पठारावर, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर वसलेले गाव आहे. भोक, खुल्दो, पुंगुक, शादो, नागा अशा विखुरलेल्या वाड्या मिळून ते बनते. गावाजवळच्या मैदानाला निलामखुल म्हणतात. या मैदानातून उठणाऱ्या दिग्पा-रात्सा-री डोंगराचा माथा आता सरस्वती शिखर या नावाने ओळखला जातो. तिथे ४,५०० मीटरवर बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये लडाखच्या प्रशासनाने या वेधशाळेभोवतीचा १,०७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश अंधारासाठी राखीव म्हणून अधिसूचित केला. वाघासाठी जंगल आणि पाणपक्ष्यांसाठी पाणथळ राखून ठेवतात, तशी इथे रात्र राखून ठेवली आहे. मोठ्या दुर्बिणींचे संशोधन आणि हौशी निरीक्षकाचे आकाशदर्शन या दोन्हींना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे निर्मळ अंधार. तो कसा मिळतो आणि कसा टिकतो, हे हानलेच्या प्रवासात टप्प्याटप्प्याने उलगडत जाते.

वाट

लेहपासून हानले सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. रस्ता कारूवरून उपशीला येतो. तिथे मनालीची वाट दक्षिणेला फुटते आणि हानलेची वाट सिंधूच्या काठाकाठाने आग्नेयेकडे जाते. सुरुवातीला नदी अरुंद घळीतून वाहते. दोन्ही बाजूंना जांभळट, तपकिरी, मधूनच हिरवट खडकांच्या भिंती उभ्या असतात. चुमाथांगला काठावर गरम पाण्याचे झरे आहेत. माहेच्या पुलावरून त्सो मोरिरी सरोवराकडे जाणारा फाटा लागतो. त्यापुढे खोरे रुंदावते, न्योमा येते आणि मग लोमा. लोमाजवळ हानले नदी सिंधूला मिळते. इथे पूल ओलांडला की सिंधू मागे राहते आणि रस्ता हानले नदीच्या खोऱ्यात शिरतो. हा सीमाभाग असल्याने वाटेतल्या चौक्यांवर ओळखपत्रे तपासली जातात. परवान्याचे त्या वेळचे नियम काय आहेत, याची चौकशी लेहमध्येच करून घेतलेली बरी.

आम्ही गेलो तो ऑक्टोबर होता, अमावास्येच्या आसपासचा. नदीकाठचे गवत पिवळे पडले होते. कियांग म्हणजे तिबेटी रानगाढवांचे कळप रस्त्यापासून फार लांब नव्हते आणि गाडी थांबली तरी बुजत नव्हते. पाणथळीत उन्हाळ्यात घरटी करणारे काळ्या मानेचे क्रौंच हिवाळा लागण्याआधी निघून जातात. आकाश पाहायला येणाऱ्यांसाठी मात्र हाच काळ सोयीचा असतो. पावसाळी ढग ओसरलेले असतात, हिवाळ्याची कडाक्याची थंडी अजून सुरू झालेली नसते आणि रात्र बारा तासांहून मोठी होऊ लागलेली असते.

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. विमानाने तिथे उतरून थेट हानले गाठणे धोक्याचे आहे. हानलेला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणून लेहमध्ये किमान दोन रात्री विश्रांती घेऊन शरीराला विरळ हवेची सवय करून द्यावी लागते. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही लक्षणे वाढू लागली तर खाली उतरणे हाच खरा उपाय असतो. आकाशनिरीक्षकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची असते. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यांतल्या पेशींना प्राणवायू भरपूर लागतो. तो कमी पडला की अंधुक तारे दिसण्याची क्षमता घटते. त्यामुळे आकाश सर्वोत्तम असूनही पहिल्या रात्री ते पूर्ण दिसत नाही. शरीर सावरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तेच आकाश अधिक खोल वाटू लागते.

हवा

मोठी दुर्बीण कुठे बसवावी हे ठरवताना अंधारासोबत आणखी तीन गोष्टी पाहतात: ढग किती, हवेत वाफ किती आणि हवा किती शांत.

हानले हिमालयाच्या पर्जन्यछायेत आहे. मोसमी वारे दक्षिणेच्या रांगांवर आपला पाऊस रिता करतात आणि पठारावर पोचेपर्यंत कोरडे होतात. इथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून दहा सेंटीमीटरही पाणी पडत नाही. वर्षातल्या सुमारे २५५ रात्री ताऱ्यांचे वर्णपट घेण्याजोग्या असतात. ताऱ्याच्या तेजस्वितेचे काटेकोर मापन करायचे तर आकाश रात्रभर एकसारखे स्वच्छ लागते. तशा रात्री अर्थातच याहून कमी भरतात.

अवरक्त किरण हवेतली वाफ शोषून घेते, म्हणून कोरडेपणाला महत्त्व आहे. डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ पाणी होऊन जमिनीवर साचली, तर हिवाळ्यातल्या अनेक रात्री तो थर दोन मिलिमीटरहूनही पातळ असेल. समुद्रकाठच्या दमट शहरावर हाच थर कित्येक सेंटीमीटरचा असतो. तिसरी गोष्ट शांतपणाची. वेगवेगळ्या तापमानाच्या हवेच्या थरांतून येताना ताऱ्याचा किरण थरथरतो आणि ताऱ्याची प्रतिमा पसरते. कोनाच्या मापात अंशाचा साठावा भाग कला आणि कलेचा साठावा भाग विकला. हानलेला चांगल्या रात्री ही प्रतिमा एका विकलेच्या आत राहते. नुसत्या डोळ्यांनाही याची प्रचीती येते. माथ्यावरचे तारे जवळजवळ लुकलुकतच नाहीत. ते स्थिर आणि टोकदार दिसतात आणि लुकलुक फक्त क्षितिजालगत उरते.

हानलेच्या स्थानालाही महत्त्व आहे. जगातल्या मोठ्या वेधशाळा चिली, हवाई, कॅनरी बेटे आणि ऑस्ट्रेलिया इथे एकवटल्या आहेत. कॅनरी बेटे आणि पूर्व ऑस्ट्रेलिया यांच्यात रेखांशाची मोठी पोकळी आहे. हानले ७९ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे या पोकळीच्या साधारण मध्यावर येते. एखादा तारा अचानक भडकला आणि तेव्हा इतरत्र दिवस असला, तर त्याचा माग इथून काढता येतो.

सरस्वती शिखर

भारतासाठी मोठी प्रकाशीय दुर्बीण उभारण्याचा विचार १९८० च्या दशकाच्या अखेरीस बळावला. उंच आणि कोरड्या जागेचा शोध हिमालयात सुरू झाला. उपग्रहांची छायाचित्रे, हवामानाच्या नोंदी आणि प्रत्यक्ष मुक्काम करून केलेली मोजमापे यांतून १९९० च्या दशकात हानले पुढे आले. त्या काळात संस्थेचे संचालक रामनाथ कौसिक होते. रस्ता नाही, वीज नाही आणि विरळ हवा, अशा ठिकाणी आधी राहण्याची सोय करावी लागली, मग रस्ता आणि शेवटी घुमट.

या घुमटातली हिमालयन चंद्रा दुर्बीण सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाने ओळखली जाते. तिचा आरसा २.०१ मीटर व्यासाचा आहे. सप्टेंबर २००० मध्ये तिने पहिला तारा टिपला आणि २००३ पासून ती देशभरच्या संशोधकांना खुली आहे. ती चालवली जाते बंगळूरजवळच्या होसकोटे इथल्या केंद्रातून. उपग्रहामार्फत आज्ञा जातात आणि त्याच मार्गाने चित्रे परत येतात. संशोधक समुद्रसपाटीपासून हजारेक मीटरवर बसून काम करतो. शिखरावर मात्र यंत्रांची काळजी घ्यायला माणसे लागतातच आणि त्यांतली बरीच लडाखची आहेत.

दोन मीटरचा आरसा आजच्या जगात मोठा गणला जात नाही, तरीही योग्य जागी असल्याने त्याने महत्त्वाची कामे केली. कुंभ राशीच्या दिशेला, सुमारे ४० प्रकाशवर्षांवर ट्रॅपिस्ट-१ हा मंद, लाल तारा आहे. ग्रह त्याच्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड किंचित घटतो. २०१६ मध्ये या ताऱ्याभोवतीच्या पहिल्या तीन ग्रहांची घोषणा झाली. त्यामागच्या निरीक्षणांत हानलेच्या या दुर्बिणीचाही वाटा होता. पुढच्याच वर्षी ग्रहांची संख्या सातवर गेली.

याच शिखरावर ग्रोथ-इंडिया ही ७० सेंटीमीटरची दुर्बीण आहे. भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि पवईची आयआयटी मुंबई यांनी ती मिळून उभारली आणि २०१८ मध्ये ती सुरू झाली. ती पूर्णपणे स्वयंचलित आहे. कुठे काही भडकल्याची सूचना आली की कोणत्या वस्तूकडे आधी वळायचे हे संगणक ठरवतो, घुमट फिरतो आणि चित्रे घेतली जातात. नवतारे, अतिनवतारे, गॅमा किरणांचे स्फोट आणि पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह हे तिचे विषय. या घटना तासागणिक बदलतात. त्यामुळे आरशाच्या आकाराइतकेच इथे वेळेवर पोचणे महत्त्वाचे ठरते.

पायथ्याशी गॅमा किरणांचा वेध

डोंगराच्या पायथ्याशी, सुमारे ४,२७० मीटरवर, वेगळ्या घडणीची यंत्रे उभी आहेत. त्यांना घुमट नाहीत. हगार हा सात दुर्बिणींचा समूह आहे आणि प्रत्येक दुर्बिणीत ०.९ मीटरचे सात आरसे आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांचा हा संयुक्त प्रकल्प २००८ पासून चालू आहे. त्याच्याजवळ उभी असलेली मेस ही भाभा अणुसंशोधन केंद्राची दुर्बीण २१ मीटर व्यासाची आहे. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ती बांधली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तिचे औपचारिक उद्घाटन झाले. आपल्या प्रकारातली ती आशियातली सर्वांत मोठी आणि जगातली सर्वांत उंचावरची दुर्बीण आहे.

मेसजवळ उभे राहिले की तिचा आकार नजरेत मावत नाही. ३५६ आरसे जोडून बनवलेली तिची वाटी आकाशाकडे वळलेली असते आणि वाटीसमोर पोलादी बाहूंवर कॅमेरा तोललेला असतो. सुमारे १८० टनांचा हा सगळा डोलारा सहा चाकांवर, २७ मीटर व्यासाच्या वर्तुळाकार रुळावर फिरतो. दिवसा आरशांत आकाशाचे निळे तुकडे दिसतात, प्रत्येक तुकडा किंचित निराळ्या छटेचा.

गॅमा किरण हवेच्या पलीकडून जमिनीपर्यंत पोचत नाही. वरच्या वातावरणातल्या अणूवर आदळून तो संपतो. पण त्यातून विद्युतभारित कणांचा वर्षाव सुरू होतो. हे कण हवेतल्या प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने धावतात आणि त्यामुळे निळसर प्रकाशाची चमक उमटते. तिला चेरेन्कोव प्रकाश म्हणतात. ती काही अब्जांश सेकंदच टिकते आणि जमिनीवर शंभराहून अधिक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पसरते. मेसच्या कॅमेऱ्यातल्या १,०८८ प्रकाशसंवेदी नळ्या ही चमक टिपतात. तिच्या आकारावरून मूळ किरण कुठून आला आणि किती ऊर्जेचा होता, हे काढता येते. जागा जितकी उंच तितका हा प्रकाश कमी विरलेला असतो, म्हणून हानलेला कमी ऊर्जेचे किरणही पकडता येतात. अर्थात चमक इतकी क्षीण असते की आसपास कृत्रिम उजेड असेल तर ती त्यात बुडून जाते.

या दुर्बिणी ज्याचा वारंवार वेध घेतात तो वृषभ राशीतला खेकडा तेजोमेघ हौशी निरीक्षकाच्याही ओळखीचा आहे. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या अतिनवताऱ्याचा तो अवशेष. लहान दुर्बिणीतून तो धुरकट डागासारखा दिसतो. त्याच डागाच्या पोटातल्या फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यामुळे तो मेससाठी गॅमा किरणांचा भरवशाचा स्रोत आहे.

राखीव अंधार

वेधशाळा आली तेव्हा हानलेला फारसे दिवे नव्हते. रस्ते सुधारले, वीज आली, पर्यटक आले आणि उजेडाची काळजी करण्याची वेळ आली. जून २०२२ मध्ये लडाख प्रशासन, लेहची स्वायत्त पर्वतीय विकास परिषद आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांच्यात करार झाला आणि त्यातून अंधाराचे राखीव क्षेत्र उभे राहिले. हे सारे क्षेत्र चांगथांग अभयारण्याच्या हद्दीत येते.

नियम साधे आहेत. बाहेरच्या दिव्यांना वरून झाकण असावे आणि उजेड फक्त खाली पडावा. पांढऱ्या-निळ्या दिव्यांऐवजी पिवळसर दिवे लावावेत. खिडक्यांना जाड पडदे असावेत. रात्री गाडीचे दिवे खाली झुकवलेले असावेत. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, म्हणून पांढरा एलईडी तेवढ्याच क्षमतेच्या पिवळसर दिव्यापेक्षा आकाश जास्त उजळवतो. या नियमांमुळे कोणाची वाट अंधारात जात नाही. उजेड कमी होत नाही, तो हवा तिथेच पडतो.

या व्यवस्थेचा कणा गावकरी आहेत. आसपासच्या वाड्यांतल्या २४ जणांना संस्थेने आकाशनिरीक्षणाचे प्रशिक्षण दिले आणि दुर्बिणी दिल्या. त्यांना खगोलदूत म्हणतात. त्यांत स्त्रियाही आहेत. पर्यटक त्यांच्या घरी उतरतात, रात्री त्यांच्याकडून आकाश पाहतात आणि त्यातून घराला उत्पन्न मिळते. आकाश स्वच्छ असले तरच हे उत्पन्न टिकेल हे गावाला ठाऊक आहे. त्यामुळे नियम मोडणाऱ्या गाडीला हटकायला बाहेरचा पहारेकरी लागत नाही.

आम्ही उतरलो त्या घरातली दीदी खगोलदूत होती. जेवण उरकल्यावर तिने अंगणात आठ इंची डॉब्सोनियन मांडली. जमिनीवर लाकडी फिरती बैठक, तिच्यावर नळी, तळाशी आरसा. यात मोटर नाही, तारा हातानेच शोधायचा. तिने नळीला आधी बाहेरच्या थंडीत तसेच राहू दिले. आरसा आणि हवा यांचे तापमान जुळेपर्यंत प्रतिमा पाण्यातल्यासारखी हलते, असे ती हिंदीत समजावून सांगत होती. तिच्या विजेरीवर लाल कागद गुंडाळलेला होता. भिंगाशी तोंड नेताना श्वास बाजूला सोडायचा, नाहीतर काचेवर लगेच बर्फाची साय धरते, ही सूचना तिने प्रत्येकाला न चुकता दिली.

रात्र

डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. त्या काळात डोळ्यांच्या पडद्यावरचे प्रकाशसंवेदी रसायन पुन्हा भरून येते. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्याकडे एकदा जरी पाहिले तरी सगळी वाट पुन्हा चालावी लागते. लाल उजेडाचा परिणाम सर्वांत कमी होतो. अंधुक वस्तू पाहताना नजर तिच्यावर रोखू नये, किंचित बाजूला ठेवावी. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यापासून दूर दाट असतात.

ऑक्टोबरच्या मध्यास रात्री आठच्या सुमारास आकाशगंगा नैऋत्येला धनु राशीपासून निघते, माथ्याजवळच्या हंसातून जाते आणि ईशान्येला शर्मिष्ठेत उतरते. हंसापासून खाली तिची दोन फाट्यांत विभागणी होते. मधली काळी पट्टी म्हणजे मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवणारी धूळ. शहरातून आलेल्याला नेहमीची नक्षत्रे ओळखायला इथे वेळ लागतो, कारण ओळखीच्या ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागा हजारो अनोळखी ताऱ्यांनी भरलेल्या असतात.

अक्षांशाचा फरकही जाणवतो. पुण्याला ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर असतो, हानलेला जवळजवळ तेहतीस अंशांवर. अगस्त्य पुण्याहून एकोणीस अंशांपर्यंत चढतो. हानलेला तो जेमतेम साडेचार अंश वर येतो आणि डोंगर आड आला तर दिसतही नाही. पुण्याहून वैशाखात दिसणारा त्रिशंकू हानलेच्या क्षितिजावर येतच नाही. उत्तरेकडचे आकाश मात्र उंचावते. मध्यरात्रीच्या सुमारास देवयानी दीर्घिका माथ्याजवळ असते. २५ लाख प्रकाशवर्षांवरचा हा लांबट धूसर पट्टा इथे नुसत्या डोळ्यांनी शोधावा लागत नाही, नजर आपोआप तिथे जाते. तिच्याजवळची त्रिकोण दीर्घिका, सुमारे २७ लाख प्रकाशवर्षांवरची, फिकट आणि पसरट असल्याने आकाशाची खरी कसोटी घेते. ती दुर्बिणीशिवाय दिसली तर आकाश उत्तम समजावे. दुसऱ्या रात्री आम्हाला ती तिरप्या नजरेने दिसली.

अत्यंत अंधाऱ्या आकाशातही पूर्ण काळोख नसतो. सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरचे ऑक्सिजनचे अणू दिवसभर साठवलेली ऊर्जा रात्री फिकट हिरव्या प्रकाशाच्या रूपाने सोडतात. डोळ्यांना त्याचा रंग दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो. पहाटेच्या आधी पूर्वेला, क्षितिजावरून तिरका वर जाणारा शंकूच्या आकाराचा उजेड दिसतो. तो राशिचक्रीय प्रकाश. ग्रहांच्या कक्षांच्या प्रतलात विखुरलेल्या धुळीवरून परतलेला तो सूर्यप्रकाश आहे. आपल्या उत्तर गोलार्धात शरद ऋतूतल्या पहाटे तो सर्वांत उभा आणि स्पष्ट असतो. हानलेला त्याचा पट्टा इतका ठळक असतो की नवख्याला तो पहाटेचा झुंजूमुंजू प्रकाशच वाटतो.

लाल आकाश

१० मे २०२४ च्या रात्री हानलेच्या उत्तर क्षितिजावर लाल प्रकाश दिसला. सूर्यावरच्या १३६६४ क्रमांकाच्या सक्रिय प्रदेशातून एकामागून एक उफाळलेल्या द्रव्याने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात दोन दशकांतले सर्वांत मोठे वादळ उठवले होते. वेधशाळेच्या सर्वाकाश कॅमेऱ्यांनी आणि गावातल्या निरीक्षकांनी तो उजेड टिपला.

ध्रुवीय प्रकाश बहुधा हिरवा असतो. हानलेला तो लाल दिसतो, याचे कारण भूमितीत आहे. ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश शंभर ते दीडशे किलोमीटरवर उमटतो आणि लाल प्रकाश दोनशे किलोमीटरच्या वर. मूळ घटना फार उत्तरेला घडत असल्याने पृथ्वीच्या वक्रतेमुळे खालचा हिरवा भाग क्षितिजाखाली राहतो आणि फक्त उंच लाल भाग दिसतो. अशा नोंदींना विज्ञानात मोल आहे. वादळाचा परिणाम किती खालच्या अक्षांशांपर्यंत पोचला, याचा तो थेट पुरावा असतो. दिव्यांनी उजळलेल्या आकाशात हा पुरावा हरवला असता.

हौशी निरीक्षकाचे काम

१९ मे २०२३ रोजी जपानमधले हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना सप्तर्षीतल्या एम १०१ या दीर्घिकेत एक नवा तारा दिसला. सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षांवरचा हा अतिनवतारा एसएन २०२३आयएक्सएफ या नावाने नोंदला गेला. हानलेच्या हिमालयन चंद्रा आणि ग्रोथ-इंडिया या दोन्ही दुर्बिणींनी लगेच त्याचा पाठपुरावा सुरू केला. सुरुवातीच्या वर्णपटांतून कळले की स्फोटाच्या थोडे आधी त्या ताऱ्याने आपल्याभोवती दाट द्रव्य टाकले होते. स्फोटाची लाट त्या द्रव्यावर आदळताना दिसणाऱ्या खुणा काही दिवसांतच पुसल्या जातात. हौशी माणसाची नजर वेळेवर गेली नसती तर मोठ्या दुर्बिणींना त्या मिळाल्या नसत्या.

असे काम प्रत्येकाला शोधाच्या रूपाने मिळेल असे नाही, पण नोंदींच्या रूपाने नक्की मिळते. रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता मोजायला सुरुवातीला काहीच साधन लागत नाही. मृगातला काक्षी २०१९ च्या अखेरीस मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये नेहमीच्या निम्म्याहूनही कमी उजळ झाला. ताऱ्यातून बाहेर पडलेल्या द्रव्याची धूळ होऊन तिने उजेड अडवला, असा निष्कर्ष पुढे निघाला. त्या काळात जगभरच्या हौशींनी रोहिणीसारख्या शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून केलेले अंदाज उपयोगी पडले. पद्धत सोपी आहे. तेज ठाऊक असलेले दोन तारे निवडायचे, एक किंचित उजळ आणि एक किंचित मंद, आणि मधला तारा त्यांच्यात कुठे बसतो हे ठरवून वेळेसह लिहून ठेवायचे. १९११ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली रूपविकारी तारे निरीक्षकांची संघटना अशा नोंदी जगभरातून गोळा करते.

उत्तर मुकुटातला टी कोरोनी बोरिआलिस हा आणखी एक लक्ष ठेवण्याजोगा तारा. तो सहसा दहाव्या प्रतीचा असतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १८६६ आणि १९४६ मध्ये तो भडकून दुसऱ्या प्रतीपर्यंत पोचला होता. सुमारे ८० वर्षांचे हे अंतर पाहता अलीकडे जगभरचे निरीक्षक त्याच्यावर रोज नजर ठेवू लागले आहेत. मुकुटाचे तारे एकदा नीट पाठ असले की त्यांत नवा तारा दिसताक्षणी ओळखता येतो.

घराजवळचा अंधार

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रात्रीच्या कृत्रिम उजेडाच्या जागतिक नकाशानुसार जगातल्या एक तृतीयांशाहून अधिक माणसांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. मुंबई-पुण्याची माणसे त्यांतच येतात. सगळ्यांना हानलेला जाता येणार नाही, आणि सगळे गेले तर गाड्यांच्या दिव्यांनीच तिथला अंधार संपेल.

महाराष्ट्रात त्याला पर्याय आहे. जानेवारी २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. अशी मान्यता मिळालेली भारतातली ती पहिली जागा. तिथल्या गावांतले रस्त्याचे दिवे बदलून उजेड खाली पाडणारे दिवे बसवले गेले आणि वाघोलीजवळच्या परिसरात आकाशनिरीक्षणाची सोय झाली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशींना आकाशाची ओळख करून देत आहे. मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम कित्येक पिढ्यांचे पहिले आकाश ठरले आहेत. कोकणातले किनारे, सह्याद्रीतली पठारे आणि मराठवाड्यातली माळराने इथे अमावास्येच्या रात्री आजही आकाशगंगा उमटते. सुरुवात करणाऱ्याला ताऱ्यांचा नकाशा, दहा बाय पन्नासची द्विनेत्री, लाल उजेडाची विजेरी आणि नोंदवही पुरते.

अंधार हे खगोलशास्त्राचे सर्वांत स्वस्त साधन आहे. ते कोणत्याही कारखान्यात बनत नाही आणि गेलेले परत मिळवणे हवा किंवा पाणी शुद्ध करण्याहून सोपे आहे. दिवा झाकला, खाली वळवला किंवा नको तेव्हा बंद केला की परिणाम त्याच रात्री दिसतो. पँगाँगच्या काठी मेराक इथे राष्ट्रीय सौर दुर्बीण आणि हानलेला आणखी मोठी प्रकाशीय दुर्बीण उभारण्याच्या योजना आहेत. त्या दुर्बिणी किती दूर पाहू शकतील, हे त्यांच्या आरशाइतकेच आसपासच्या वाड्यांतल्या दिव्यांवर अवलंबून राहील. हानलेच्या गावकऱ्यांनी ते ओळखून आपल्या खिडक्यांना पडदे लावले. तेच काम आपापल्या गच्चीवर, सोसायटीत आणि ग्रामपंचायतीत करायला ४,५०० मीटर चढावे लागत नाही.